"कांय नाका" (काही नको) म्हणणाऱ्या बायका आणि दिवाळीच्या आदल्या रात्री काउंटरवर उभे असलेले नवरे

आधी प्रश्न काय होता ते सांगते. डिचोलीची एक मुलगी, लग्नाला तीन वर्षं झाली, नवरा वेर्ण्याला कंपनीत. पहिल्या दिवाळीला कुकर आला, दुसऱ्या दिवाळीला मिक्सर, गेल्या नाताळात एअर फ्रायर. तिला पाहिजेत चांदीची पैंजणं. सहा महिने झाले हिंट देतेय, रील पाठवते, लग्नाकार्यात दुसऱ्या बायकांच्या पायाकडे बघून "किती छान ना" म्हणते, आणि हा "हं" करून परत मोबाईलमध्ये. तोंडाने मागायचं तिच्या जिवावर येतं, मागून घेतलं तर त्यात मजा काय राहिली असं तिचं म्हणणं. आणि वर हे दुखणं की ऑफिसात सिक्रेट सँटाला (चिठ्ठीत ज्याचं नाव येईल त्याला गुपचूप भेट द्यायची ती पद्धत) हाच माणूस शोधून शोधून असं काही नेतो की सगळे वाहवा करतात, मग घरी आल्यावर याच्या डोक्याला काय होतं?

मी मानसशास्त्र वगैरे शिकलेली नाही बाय. म्हापशात माझं दुकान आहे, साड्या, चांदीचं बारीकसारीक आणि गिफ्टच्या वस्तू, काउंटरमागे २३ वर्षं झाली. नवऱ्याने घेतलेलं बायको बदलून नेते तेव्हा मी तिथेच उभी असते, म्हणजे दोन्ही बाजूंची तोंडं मी बघितलेली आहेत, त्याचं आदल्या रात्रीचं घाबरलेलं आणि तिचं दोन दिवसांनंतरचं पडलेलं. तेवढ्या अनुभवावर सांगते.

पहिलं म्हणजे त्या सिक्रेट सँटाचं उत्तर तुझ्याच प्रश्नात आहे. ऑफिसात त्याच्या हातात काय येतं? चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव, बजेट समजा पाचशे रुपये, आणि तारीख, अमक्या दिवशी लंच टाइमला. बस्, माणूस कामाला लागतो. तुझ्या बाबतीत त्याच्याकडे चिठ्ठीच नाही. बजेट माहीत नाही, माप माहीत नाही, दिवाळीला द्यायचं का नाताळाला का वाढदिवसाला तेही नक्की नाही. त्याला एकच गोष्ट पक्की माहीत आहे, की तू स्वयंपाक करतेस. म्हणून कुकर.

तुला वाटतंय तू सहा महिने हिंट देतेस. त्याला विचारशील तर तो शपथेवर सांगेल की हिने कधी काही मागितलंच नाही, आणि तो खोटं बोलत नसेल. माझी भाची कॉलेजात सायकॉलॉजी शिकवते, तिने मला एक प्रयोग सांगितला होता तो माझ्या डोक्यात बसलाय. १९९० साली अमेरिकेत स्टॅनफर्डला एलिझाबेथ न्यूटन म्हणून एक बाई पीएचडी करत होती. तिने काही लोकांना ओळखीची गाणी टेबलावर नुसती बोटांनी ठोकायला लावली आणि समोर बसलेल्याने गाणं ओळखायचं. ठोकणाऱ्यांना आधी विचारलं, तर ते म्हणाले निम्मी तरी ओळखतील. १२० गाण्यांपैकी ओळखली किती, तर ३. तुमच्याकडे चवथीला (गणेश चतुर्थीला) घुमट-आरती, म्हणजे घुमट वाजवून आरती, होत असेलच, आरती संपल्यावर कोणाला तरी पाटावर बोटांनी नुसता ठेका धरायला सांग आणि कुठली आरती ते ओळखून दाखव. ठेका धरणाऱ्याच्या डोक्यात शब्द, चाल, घुमट, शामेळ, झांज सगळं वाजत असतं म्हणून त्याला वाटतं हे तर लहान पोरसुद्धा ओळखेल. समोरच्याला ऐकू येते फक्त टकटक.

तुझी हिंट म्हणजे ती टकटक आहे. "किती छान ना" म्हणताना तुझ्या डोक्यात पैंजणं, त्यांची नाजूक घुंगरं, तुझा पाय, पाडव्याची सकाळ असं सगळं आहे. त्याला ऐकू आलं, कोणाचं तरी काहीतरी छान आहे. साडी असेल, चप्पल असेल, ती बाईच असेल, आणि बाईबद्दल असेल तर "हो" म्हणणं धोक्याचं, म्हणून तो "हं" म्हणतो. हुशार आहे तसा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की हिंट हळू आवाजात दे, पण माहिती पूर्ण दे. बायका नेमकं उलटं करतात, आवाज मोठा (उसासे, टोमणे, जावेचा हार) आणि माहिती शून्य.

माहिती म्हणजे काय ते आता दुकानातलंच सांगते. नरकासुराच्या रात्री, म्हणजे दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी, रस्त्यावर स्पीकर चालू, नरकासुराचे पुतळे उभे राहिलेले, ट्रॅफिक अडकलेलं, आणि त्यातून वाट काढत साडेआठला नवरे लोक येतात. एक माणूस दरवर्षी असतोच, चेहरा बदलतो पण माणूस तोच. त्याला बांगड्या पाहिजेत. मी माप विचारते. तो आंगठा आणि बोट जोडून हवेत गोल करून दाखवतो, "इतकी." पुरुषाच्या हाताने केलेला गोल हा बायकोच्या मनगटाएवढा कधीच नसतो बाय, त्या गोलातून नारळ जाईल. मग दुसरा प्रकार, फोनवर नंबर लिहून आणलेला असतो, पण वाचतो "दोन पॉइंट सहा". बांगडीचं माप पॉइंटात नसतं हे त्याला कोण सांगणार. दोन-चार म्हणजे दोन इंच आणि वर चार सोळांश, म्हणजे सव्वादोन इंच. दोन-सहा म्हणजे दोन आणि सहा सोळांश. दोन-आठ म्हणजे अडीच. आणि दोन-आठच्या पुढे दोन-दहा येते, पण पॉइंटच्या हिशोबाने वाचणारा म्हणतो दोन पॉइंट दहा तर दोन पॉइंट आठपेक्षा लहान झाली, हिचा हात बारीक आहे, ही द्या. घरी नेतो आणि ती बांगडी कोपरापर्यंत जाते.

एकच गिऱ्हाईक मला आजपर्यंत असं भेटलं की हात जोडावेसे वाटले. वर्कशॉपमधला माणूस, बायकोची जुनी बांगडी रात्री गुपचूप व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या पट्टीने) मोजून आलेला, खिशातून कागद काढला, "आतून साठ मिलिमीटर." दोन-सहा म्हणजे साठच्या किंचित वर भरते. मी डोळे मिटून दोन-सहा दिली आणि ती बदलायला कोणी आलं नाही. पण सगळ्यांच्या घरी व्हर्नियर नसतो आणि सगळे नवरे रात्री बांगड्या मोजत बसत नाहीत, म्हणून माप त्याच्यापर्यंत पोचवायचं काम तुझं.

पैंजणांचं तर आणखी वेगळं. लांबी इंचात, साधारण बायकांना दहा-साडेदहा इंच बसतात, पण घोटा जाड-बारीक असतो, शिवाय कोणाला घट्ट आवडतात कोणाला खाली पावलावर रुळणारी. घुंगरं पाहिजेत का नकोत, कारण ऑफिसला जाणाऱ्या मुलीला घुंगरं नको असतात आणि सासूला घुंगरांशिवाय पैंजण म्हणजे दोरा वाटतो. पेचाची कडी की साधा हूक. वजन, कारण किंमत वजनावर जाते. एवढ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्या बिचाऱ्याने तुझ्या रीलमधून काढायची?

मग करायचं काय. माझ्या बघण्यातली सगळ्यात चालणारी युक्ती म्हणजे हिंट देऊच नको, काम सांग. गोव्यातल्या नवऱ्याला हिंट समजत नाही पण काम सांगितलं की तो करतो, येताना पाव आण, गॅस बुक कर, तसंच हे. तुझ्याकडे लहानपणाची नाहीतर लग्नातली जुनी पैंजणं असतील, कडी तुटलेली, काळी पडलेली. ती एका रुमालात बांधून त्याच्या हातात दे आणि म्हण, "म्हापशाला जाशील तेव्हा ही जरा दाखव ना, दुरुस्त होतात का, मला बसायची अगदी बरोबर पण आता कडी गेली." झालं. पैंजणं हा शब्द गेला, माप रुमालात गेलं, डिझाइन गेलं, दुकान कुठलं तेही गेलं, आणि तू काही मागितलंस असं कोणी म्हणू शकत नाही. पुढचं दुकानदार बघतो. मी तर स्पष्ट सांगते की दादा, कडी लावून देते पण सांधा झिजलाय, परत तुटेल, ही नवीन बघा याच मापात. दहातले सहा-सात नवरे तिथे थबकतात आणि त्यांच्या डोळ्यांत ट्यूब पेटलेली दिसते. उरलेले कडी लावून घेऊन जातात. त्यांच्यासाठी पुढचा उपाय.

पुढचा उपाय म्हणजे माझी वही. निळ्या पुठ्ठ्याची मोठी वही आहे माझ्याकडे, आता ती कितवी ते मलाच माहीत नाही. बायका येतात, बघतात, हात लावतात, "नाही हो, सहज" म्हणतात, मग मी हळूच विचारते लिहून ठेवू का. नाव, माप, तीन वस्तू, आणि साधारण किती रुपयांपर्यंत. तीनच का तर एक लिहिली तर ती ऑर्डर होते, दहा लिहिल्या तर तो परत हवेत गोल काढायला लागतो. तीनातून त्याने एक निवडायची, म्हणजे निवड त्याची राहते. नवरा आला की मी "तुमच्या मिसेसनी सांगितलंय" असं कधीच म्हणत नाही, म्हणते "हे तीन बघा, त्यांना शोभतील." तो आपल्या अकलेने निवडतो, घरी जाऊन सांगतो, "बघितलं आणि वाटलं हे तुझंच." भाची म्हणते मावशी ही फसवणूक आहे. असेल. वहीतल्या वस्तू बदलायला परत येत नाहीत एवढं मला ठाऊक आहे. बऱ्याच लहान दुकानांत, ओळखीच्या सोनाराकडे, साडीवाल्याकडे असं नाव लिहून ठेवायला कोणी नाही म्हणणार नाही, विचारायला मात्र पाहिजे. मॉलमध्ये हे होत नाही, तिथे आज उभा असलेला पोरगा दिवाळीपर्यंत असेलच याची गॅरंटी नाही.

मोबाईलवरच्या हिंटांबद्दल थोडं सांगते. रील पाठवणं सगळ्यात वाईट. दिवसाला तू त्याला किती रील पाठवतेस? कुत्र्यांचे, रेसिपीचे, कोणीतरी नाचतंय, आणि त्यातच पैंजणांचा. त्याला कसं कळणार कुठला रील हसायचा आणि कुठला रील दुकानात न्यायचा. माझ्या घरचीच गंमत, आमच्या ह्यांना गरीने मासे मारायचा नाद, रविवार सकाळ गेली रायबंदरच्या बाजूला. एकदा मी सांगितलं "तुम्हाला एक रील पाठवलाय, बघा जरा नीट," तर हे खूश, ह्यांना वाटलं मी गरीच्या दांड्याला लावायचा रील बघून ठेवलाय. मी बघत होते कानातले. त्या दिवाळीला ह्यांनी स्वतःलाच रील घेतला आणि वर मला थँक्यू म्हणाले.

कार्टमध्ये टाकून ठेवणं ही पण एक पद्धत आहे, घरात दोघांचं अकाउंट एकच असेल तर बायका वस्तू कार्टात टाकतात म्हणजे त्याला दिसेल. दिसतं, पण तो म्हणतो हे कोणी टाकलं आणि काढून टाकतो, नाहीतर न बघता साबण-फिनाइलसकट सगळं ऑर्डर करतो आणि पार्सल तुझ्याच हातात, सरप्राइज खलास. त्यापेक्षा विशलिस्ट बरी, तिची लिंक वेगळी पाठवता येते, पण ती लिंक तू पाठवू नको, बहिणीने पाठवू दे. "भावजी, दिवाळीला काय घ्यायचं सुचत नसेल तर ताईने इथे काहीतरी टाकून ठेवलंय हां" असा मेसेज मेव्हणीकडून आला की पुरुष त्याला सीक्रेट टिप समजतात आणि जपून ठेवतात. नणंदही चालते, नणंद तुझ्या बाजूची असेल तर. सासूला यात घालू नको, चांगली असली तरी नको, कारण सासू सरळ जेवताना सर्वांसमोर सांगून टाकते, "अरे तिला पैंजणां जाय म्हणता ती." लहान मुलं आणखी बेभरवशाची, पण तुला अजून नाहीत म्हणजे तो प्रश्न नाही.

वेळ. हे महत्त्वाचं आहे. नाताळाची हिंट २२ डिसेंबरला देऊन काही होत नाही. दिवाळीचं दसऱ्याच्या सुमारास, आणि नाताळाचं ३ डिसेंबरच्या जुन्या गोव्याच्या फेस्ताच्या (चर्चच्या जत्रेच्या) आधी डोक्यात जायला पाहिजे, त्यानंतर ८ तारखेचं पणजीचं फेस्त, मग घराघरात नेवऱ्या-दोदोल, पाहुणे, आणि महिन्याचा पगार त्यात वाहून गेलेला. पगार झाल्यावर पहिल्या आठवड्यात सांगितलेली गोष्ट आणि पंचवीस तारखेला सांगितलेली गोष्ट, वस्तू एकच पण ऐकणारा माणूस वेगळा असतो. ऑनलाइन असेल तर गावात डिलिव्हरीला दोन-तीन दिवस जास्त धर, सत्तरी-काणकोणच्या बाजूला तर धरच. आणि हिंट एकदा देऊन गप्प बसायचं नाही तसंच रोज पण द्यायची नाही, दोनदा पुरे, मध्ये पंधरा दिवस जाऊ दे. तिसऱ्यांदा सांगायची वेळ आली तर ती हिंट राहत नाही, कटकट होते, आणि तुझ्याही तोंडाला मग धार येते.

त्या धारेबद्दलच. "आमचं काय, आम्हाला कोण आणून देतो" किंवा "तिच्या नवऱ्याने बघ कसं" असलं काही हिंट म्हणून चालवू नको. दुकानात जोडपी येतात तेव्हा मी बघते, बायकोने असं एक वाक्य टाकलं की नवरा लगेच भिंतीवरचं घड्याळ बघायला लागतो. त्याला पैंजणं ऐकू येत नाहीत, त्याला ऐकू येतं की तू कमी पडतोस. मग तो घाईघाईने सगळ्यात महाग दिसणारं काहीतरी उचलतो, तिला नको असलेलं, आणि दोघंही घरी जाऊन गप्प.

आता तुझा खरा प्रश्न, मागून घेतलं तर मजा काय. हे मी पण तुझ्या वयात म्हणायचे. पण भाचीनेच दाखवलेला दुसरा एक अभ्यास आहे, २०११ चा, फ्रान्चेस्का जीनो आणि फ्रँक फ्लिन या दोघा संशोधकांचा. त्यात असं निघालं की देणाऱ्याला वाटतं मी स्वतःच्या मनाने काहीतरी वेगळं दिलं तर समोरच्याला तेवढंच आवडेल, पण घेणाऱ्याला मात्र आपण जे मागितलं होतं तेच मिळालं की जास्त बरं वाटतं आणि देणाऱ्याने आपला जास्त विचार केला असंही वाटतं. मला हे वाचायची गरज नव्हती, माझ्या एक्स्चेंजच्या बिलांत तेच लिहिलेलं आहे. १९९३ मध्ये जोएल वाल्डफोगेल नावाच्या अर्थशास्त्रवाल्याने तर हिशोबच मांडला होता, नाताळाच्या भेटीची घेणाऱ्याच्या मनातली किंमत ही दुकानातल्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत कमी भरते म्हणे. तुझ्या एअर फ्रायरचं गणित तूच कर.

आणि आपल्याकडे न मागता मिळालं तरच खरं असं कधी होतं गो? चवथीला नव्या लग्नाच्या मुलीच्या सासरी माहेराहून ओझें (भेटीचं सामान) जातं, त्यात काय काय जायचं ते दोन्ही घरांना आधीच ठाऊक असतं, नारळ, करंज्या, लाडू, फळं. कोणी म्हणतं का की ठरलेलंच आलं म्हणून मजा गेली? उलट ठरलेलं आलं नाही तर पुढची दहा वर्षं ऐकून घ्यावं लागतं. दिवाळीचा पाडवा तर आपल्याकडे मुळात गोरवांचा, गायी-बैलांना न्हाऊ घालायचं, गळ्यात माळा घालायच्या, पोळे (घावन) खायला द्यायचे. नवऱ्याचा आणि ओवाळणीचा नंबर त्यांच्यानंतर. म्हणजे बैलाला काय पाहिजे ते लोकांना बरोबर कळायचं, बायकोचा विषयच नव्हता. असो. आणखी एक, गोव्यात लग्नाच्या आधी वेगळा करार केलेला नसेल तर कायद्याने नवरा-बायकोची मालमत्ता एकत्रच धरतात, अर्धी अर्धी. तू लग्न रजिस्टर करायला सह्या करून आलीस तेव्हा कोणी समजावलं नसेल. म्हणजे पैंजणं त्याने घेतली तरी निम्मी तुझ्याच पैशांची, इतकी लाजतेस कशाला.

सोन्याची मात्र हिंट देऊ नको, ते सरळ बसून बोलायचं. आताच्या भावात सोनं हे गिफ्ट राहिलेलं नाही, तो घरातला निर्णय आहे, घराचं लोन आहे का, कोणाचं लग्न आहे का, सगळं आलं. शिवाय तो एकटा घाबरत गेला तर घडणावळ किती लावली, तीन टक्के जीएसटी कशावर, दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी (हॉलमार्कचा नंबर) आहे का यातलं काही विचारणार नाही, डबी छान दिसली की घेऊन येईल. चांदीला ते टेन्शन कमी, फक्त ९२५ (शुद्धतेचा आकडा) लिहिलंय का बघायचं. आणि आपल्या दमट हवेत चांदी लवकर काळी पडते, म्हणून आणली की झिप पिशवीत ठेव, चार दिवसांत काळी पडली म्हणून त्याला फसवलं गेल्यासारखं वाटायला नको.

साड्यांबद्दल दोन वाक्यं, कारण हा घोळ माझ्याकडे सर्रास होतो. एक बाई वर्षभर घरात म्हणत होती "मला कुणबी साडी पाहिजे", म्हणजे हिंट चांगली, नाव घेऊन. नवऱ्याने कुठूनतरी लाल चौकड्यांची आणली, छापील, पॉवरलूमची. तिला पाहिजे होती हातमागाची. त्याच्या दृष्टीने लाल, चौकडी, झाली की कुणबी. आता हातमागाच्या साडीच्या काठाला दोन्ही कडांनी टाचणी टोचल्यासारखी बारीक भोकं असतात, माग ताणून धरायला जे लावतात त्याची, आणि चौकडी मागून-पुढून सारखीच दिसते, छापील असेल तर मागची बाजू फिकट. एवढं एक वाक्य तिने घरात टाकलं असतं, "हातमागाची ओळखायची कशी माहीत आहे का तुम्हाला?" तर त्याला हे ज्ञान म्हणून आवडलं असतं, पुरुषांना वस्तू कशी ओळखायची हे सांगितलं की ते ऐकतात, काय पाहिजे हे सांगितलं की कान बंद. हे माझं ठाम मत आहे.

आणि आता जरा तुला टोचेल असं. पहिला कुकर आला तेव्हा तू काय केलंस? मला दिसतंय, "अय्या मस्त!" म्हणालीस, फोटो काढलास, स्टेटसला ठेवलास, हार्ट टाकलंस. मग त्याने काय शिकावं? की भांड्याकुंड्यांचं गिफ्ट हिट आहे. पुढच्या वर्षी त्याने एक पायरी वर मिक्सर घेतला, मग एअर फ्रायर, आणि या हिशोबाने यंदा डिशवॉशर येणार. तोंड पाडायचं नाही हे कबूल, माणूस मनापासून आणतो. पण मोजून आनंद दाखव. "घराला चांगलं झालं, कामाला येईल" इतकं म्हण, मिठी वगैरे पैंजणांसाठी राखून ठेव. फरक त्यालाही कळतो, लगेच नाही, पण कळतो.

त्याच्या हिंटा तू पकडतेस का तेही बघ. आमच्या ह्यांचे जोडे दोन पावसाळे गळत होते, हे रोज संध्याकाळी दारात बसून जोड्यात वर्तमानपत्र कोंबायचे आणि मोठ्याने म्हणायचे "आज पण ओलेच." मला वाटायचं माणूस हवामानाबद्दल बोलतोय. तिसऱ्या वर्षी मुलाने सांगितलं. म्हणजे टकटक दोन्हीकडून चालू असते.

आणि सगळ्यात वाईट शब्द राहिलाच. दिवाळी जवळ आली की कधीतरी तो सरळच विचारेल, "कितें जाय तुका?" (काय पाहिजे तुला) आणि तुझ्या तोंडातून आपोआप निघेल "कांय नाका." आपल्या आया, आज्या सगळ्या हेच म्हणत आल्या, म्हणायचं आणि मग तीन दिवस गप्प राहायचं. पुरुष "नाका" म्हटलं की नाकाच समजतो, त्यात त्याची चूक नाही, पैसे वाचले म्हणून खूशही होतो. पैंजणं म्हणायला जीभ उचलत नसेल तर नुसतं म्हण, "नवीन कांय नाका, ती जुनी पैंजणां तेवढी करून हाड (आण)." मागणं पण नाही आणि नाका पण नाही.

ती जुनी पैंजणं सापडली तर त्याच्याकडे द्यायच्या आधी एकदा माझ्याकडे आण, माप वहीत घालून ठेवते आणि दोन डिझाइनं दाखवते, घुंगरांची एक, बिनघुंगरांची एक. शुक्रवारी नको, बाजाराच्या दिवशी मला पाणी प्यायला फुरसत नसते. मंगळवारी साडेचारला ये, दुकान रिकामं असतं, चहा सांगते.